डाव्या कौलाची तयारी

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची ही वाडी. शेतीची कामं उरकली की तिथले मानकरी देवीला कौल लावतात आणि देवी देईल तो दिवस जत्रेचा ठरतो. तो बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. पण नेमका कुठला, हे कौल होईपर्यंत आंगण्यांनाही ठाऊक नसतं. एकदा तारीख फुटली की कळवा, दिवा, डोंबिवलीच्या घराघरांत फोन खणखणतात, रजेचे अर्ज जातात, दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीपासून जादा गाड्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी होते. रेल्वे, पोलीस, एसटी आणि पुढारी या सगळ्यांचं वेळापत्रक त्या एका उत्तरामागून आखलं जातं. लाखो माणसांना हलवणारा हा निर्णय देवळाच्या गाभाऱ्यात होतो आणि त्याविरुद्ध अपील करावं असं कुणाच्या मनातही येत नाही. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात देवाला विचारून निर्णय घेणं ही जुनीपुराणी, आडवळणाची गोष्ट उरली आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या तारखेपासून सुरुवात करावी.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे: निर्णयाच्या घडीला देवाचं मार्गदर्शन मागणं, आणि ते नम्रपणे मागणं. कळव्यातून या विषयाकडे पाहण्याचा एक फायदा आहे. खारीगाव, विटावा, कळवा ही मूळची आगरी-कोळ्यांची गावठाणं. त्यांची ग्रामदेवता वेशीशी आणि कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा. पारसिकच्या उतारावर आणि रेल्वेच्या दोन्ही अंगांना नंतर वसलेल्या चाळी-इमारतींत सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा चाकरमानी मोठ्या संख्येने आहे. त्याचा रवळनाथ, त्याची सातेरी, त्याचा वेतोबा गावीच राहिले आहेत, पण महत्त्वाच्या गोष्टी अजून त्यांच्या कानावर घातल्या जातात. आणि डोंगर ओलांडला की मुंब्रा, जिथे हाच प्रश्न इस्तिखाऱ्याच्या नमाजेतून विचारला जातो. सगळं एका विधानसभा मतदारसंघात. मला मांडायचं आहे ते थोडक्यात असं: देवाला विचारण्यातली नम्रता मिळणाऱ्या उत्तरात नसते, ती प्रश्न कसा विचारला जातो यात असते, आणि ज्याची डावा कौल ऐकायची तयारी नाही त्याने विचारलेलं नसतं, फक्त शिक्का मागितलेला असतो.

कौल ही गोष्ट ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती जरा जवळून सांगायला हवी. सकाळी गुरव देवाला स्नान घालतो. पाषाण ओला असतानाच त्याच्या ठरलेल्या जागांवर फुलांच्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवल्या जातात. कुठे पानं, कुठे तांदूळ, गोव्यात बहुतेक ठिकाणी पाकळ्यांचा प्रसाद. गुरव मागे सरतो. मग गाऱ्हाणं घालणारा उभा राहतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून देवाला हाक घालतो, कुणाचा प्रश्न, कुठल्या घरातला, काय अडलं आहे, काय घडलं तर कोणता कौल समजायचा, हे सगळं मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत जातात. मग वाट पाहणं. पाणी सुकत जातं. उजवीकडची कळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडची पडली तर डावा. कधी दोन्ही तशाच राहतात, आणि मग देवाच्या मनात काय आहे, काही राहून गेलं का, कुणाची आगळीक झाली का, अशी पुन्हा विचारणा सुरू होते. कौल विचारायला आलेल्या माणसाचं या सगळ्या वेळात काहीच चालत नाही. शहरातला किती मोठा साहेब असला तरी तो हात जोडून पाषाणाकडे बघत उभा असतो.

या पद्धतीत कुणी मुद्दाम घालून ठेवल्यासारखी एक शिस्त आहे. प्रश्न मनातल्या मनात विचारता येत नाही. तो भाऊबंदांसमोर, ज्यांच्याशी वाद आहे कदाचित त्यांच्याही समोर, शब्दांत मांडावा लागतो. ‘जमीन विकावी का’ हे मोठ्याने म्हणताना कुणाची जमीन, किती वाटेकरी, का विकायची, हेही ओघाने येतं आणि कित्येकदा प्रश्न तिथेच पालटतो. उत्तराचा अर्थ उत्तर येण्याआधी ठरतो, त्यामुळे नंतर ‘मला वेगळंच म्हणायचं होतं’ असं म्हणायला जागा नाही. आणि दोन्ही उत्तरं शक्य असतात. ज्या देवळात कधीच डावा कौल मिळत नाही, तिथे देव बोलत नसून यजमान बोलतो आहे, असं खुशाल समजावं.

आता, कुठल्या प्रश्नासाठी देवाकडे जायचं? इथे आपली परंपरा आजच्या भाविकांपेक्षा कडक होती. याज्ञवल्क्यस्मृतीत वादाचा निवाडा करताना लेखी पुरावा, भोगवटा आणि साक्षीदार ही प्रमाणं आधी सांगितली आहेत. यांपैकी काहीच हाती नसेल तेव्हाच दिव्याकडे वळायचं. हाच नियम मराठेशाहीतल्या गोतसभांनी पुष्कळ अंशी पाळला. वतनाच्या भांडणात आधी कागद बघायचे, शेजारच्या गावांच्या पाटील-कुळकर्ण्यांची साक्ष घ्यायची, गोत बसवायचं. आणि यातलं काहीच लागू पडेना तेव्हा उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायला लावायचा, हाताला पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी हात पाहायचा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातले निवाडे वाचताना दिव्याच्या क्रौर्याने अंगावर काटा येतो, आणि ते बंद झालं याबद्दल हळहळण्याचं काही कारण नाही. पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणसाने आपलं काम आधी पुरं करायचं आणि मगच देवाला त्रास द्यायचा.

हाच क्रम सभासद बखरीत अफजलखान प्रकरणी दिसतो. मंडळी सल्ला करावा म्हणतात, राजांचं मन युद्धाकडे आहे, आणि रात्री भवानी दर्शन देऊन यशाचं आश्वासन देते. कृष्णाजी अनंत सभासदाने हे जिंजीत, घटनेनंतर तीसपेक्षा जास्त वर्षांनी लिहिलं. दृष्टान्त कसा झाला हे आपण तपासू शकत नाही. बखरकाराला तो किती सहज वाटतो आणि त्यानंतर तो राजांकडून काय करवतो, हे बघायचं. देवीने मी खानाला मारीन असं न म्हणता तुझ्या हातून मारवीन असं सांगितल्यावर एखादा भोळा भक्त निर्धास्त झोपला असता. इथे उलट आपलं बरंवाईट झालं तर राज्य कसं राखायचं याची निरवानिरव होते, जावळीच्या झाडीत फौजा बसतात, अंगात कुडती चढते, हातात बिचवा आणि वाघनख येतं. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या दुपारी देवीचा शब्द आणि कुडती यांत बखरकाराला काही विसंगती दिसत नाही. मलाही दिसत नाही. देवाचा होकार मिळाला म्हणून सावधपणा सोडणारा माणूस देवावर विश्वास टाकत नाही, आपलं काम त्याच्यावर ढकलतो.

मुंब्र्याच्या बाजूने पाहिलं तर इस्तिखारा याहून साधा आहे. दोन रकात नफल नमाज, आणि मग एक दुआ. तिचा आशय असा, की हे काम माझ्या धर्माला आणि जगण्याला हिताचं असेल तर ते माझ्यासाठी सोपं कर. नसेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्यापासून दूर कर. ही शिकवण प्रेषितांनी दिल्याचं बुखारीच्या हदीससंग्रहात जाबिर यांच्या नावावर नोंदलेलं आहे. बऱ्याच जणांचा समज असतो की नंतर स्वप्न पडायला हवं, पांढरा-हिरवा रंग दिसायला हवा. त्या दुआत स्वप्नाचा उल्लेखही नाही, आणि जाणकार उलेमा हेच वारंवार सांगतात: जाणत्या माणसांशी मशवरा करा, इस्तिखारा करा आणि पाऊल टाका, रस्ता मोकळा होत गेला तर समजा. कौलात उत्तर डोळ्यांसमोर पडतं, इथे ते आयुष्यात उलगडतं. पण ‘मला त्यापासून दूर कर’ हे शब्द ज्याने मनापासून उच्चारले, त्याने डाव्या कौलाचीच तयारी केलेली आहे.

सगळ्यात जोरकस आक्षेप विवेकवाद्यांचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पाकळी कुठली आधी पडेल हे ओलावा, वारा, पाकळीचं वजन आणि गुरवाच्या बोटाचा दाब यांवर ठरतं. त्यात देव कुठे आला? भौतिकदृष्ट्या हे बरोबरच आहे. पण नशिबाच्या हवाली निर्णय करणं हे अडाणीपणाचं लक्षण म्हणायचं तर आपलं प्रजासत्ताकही त्यात सापडेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखी मतं पडली, तेव्हा चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. ठाणे महापालिकेत महिलांसाठी कुठले प्रभाग राखीव, हे सोडतीने ठरतं आणि चिठ्ठ्या बहुधा शाळकरी मुलांच्या हातून काढल्या जातात, कारण त्या हाताला कुणाचा पक्ष नसतो. म्हणजे खोलीतल्या कुणाच्याच मुठीत नसलेलं उत्तर कधीकधी सगळ्यांना हवं असतं. श्रद्धावान त्याला देवाची इच्छा म्हणतो, निवडणूक अधिकारी सोडत म्हणतो. फरक असा, की चिठ्ठीपुढे हरलेला उमेदवार चडफडत घरी जातो. कौलापुढे हरलेला, निदान ज्या गावात कौलाची पत टिकून आहे तिथे, नमस्कार करून जातो. हा फरक लहान नाही. त्याच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या गावं एकत्र राहिली.

आणि म्हणूनच खरा धोका पाकळीच्या पदार्थविज्ञानात नाही, तो गुरवाच्या बोटात आणि मानकऱ्यांच्या रांगेत आहे. गाऱ्हाणं कुणी घालायचं, पहिला मान कुणाचा, कुठल्या घराण्याने गाभाऱ्यापर्यंत जायचं आणि कुणी बाहेरच थांबायचं, हे सगळं जातीने आणि वतनाने बांधलेलं आहे. बाईचा प्रश्न बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या तोंडून जातो. मानपानावरून देवळांना कुलपं लागली, प्रकरणं कोर्टात गेली, जत्रेला जमावबंदी लागू झाली, अशी उदाहरणं कोकणाला नवी नाहीत. देवापुढे सगळे सारखे असं म्हणणाऱ्यांनी हे आधी निस्तरायला हवं. मात्र या दोषावर उपाय म्हणून ‘मध्यस्थच नको, देव माझ्याशी थेट बोलतो’ असं म्हणणाऱ्यांबद्दल मला जास्त धास्ती वाटते. मे १९३३ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २१ दिवसांचं उपोषण आतल्या आवाजाच्या आज्ञेवरून सुरू केलं. सरकारने त्यांना त्याच दिवशी सोडलं आणि उपोषण पुण्यात पर्णकुटीत पुरं झालं. हा भ्रम कशावरून नाही, असं विचारणाऱ्यांना त्यांनी मान्य केलं की पुरावा देता येणार नाही. एवढं कबूल करण्याची ताकद असलेला माणूस हजारात एखादा, आणि तोही त्या आवाजाचा भार स्वतःच्या देहावर घेत होता. बाकी बहुतेकांचा आतला आवाज त्यांना आवडेल तेच बोलतो, आणि त्याची किंमत दुसरं कुणी मोजतं.

आजारपणाच्या बाबतीत तर या विषयाला एक कुंपण घालावंच लागतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दिवा-मुंब्र्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. ‘ऑपरेशन करू की नको ते देवाला विचारून सांगतो’ असं म्हणून वेळ घालवणारे नातेवाईक कुठल्याही सरकारी-निमसरकारी रुग्णालयाला अपरिचित नसतात. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं त्याने गुन्हा ठरवलं. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हात लावला नाही. श्रद्धावानाने या कायद्याला शत्रू मानण्याचं मला कारण दिसत नाही. डॉक्टरला जे कळतं ते देवाला विचारणं म्हणजे गोतसभेने समोरचा कागद न वाचताच तेलाची कढई चढवण्यासारखं आहे.

पण उलट बाजूचं एक उदाहरण विवेकवाद्यांनीही पाहावं. मालवण तालुक्यातल्याच आचरा गावात काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव, गुरंढोरं-कोंबड्यांसह, घरं सोडून वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस-तीन रात्री राहतं. त्यात धर्म-जात पाहिली जात नाही. परत शिरायचं तेही देवाच्या कौलाने. आता पारसिकच्या डोंगराकडे या. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका आणि वनखातं उतारावरच्या घरांना जागा खाली करण्याच्या नोटिसा देतं. कारण पुरेसं आहे. जुलै २०२१ मध्ये कळवा पूर्वेला घोलाईनगरात दरड कोसळून माणसं दगावली. तरी घरं खाली होत नाहीत. देवाच्या शब्दाने गाव रिकामं होतं आणि शास्त्रीय कारणाने वस्ती हलत नाही, यावरून लोक अंधश्रद्ध आहेत असा सोपा निष्कर्ष काढता येईल. तो चुकीचा आहे. आचऱ्यात सगळे निघतात, श्रीमंताच्या वाड्यापासून गड्याच्या खोपटापर्यंत, आणि परत आपल्याच उंबऱ्यावर यायचं आहे याची प्रत्येकाला खात्री असते. पारसिकवर नोटीस एकेका दारावर चिकटते. बाहेर पडलेल्याला खोली परत मिळेल का, तोवर पोरांची शाळा, भाडं, रेशनकार्डाचा पत्ता यांचं काय, याला कुणी जबाबदार नाही. कौलामागे सगळ्यांनी मिळून सोसण्याचा करार उभा असतो, नोटिशीमागे तो नसतो. देवाला विचारून घेतलेल्या निर्णयाचं बळ पुष्कळसं या कराराचं आहे, असं माझं मत आहे, आणि ते म्हटल्याने देवाचं काही उणं होतं असं मला वाटत नाही.

उरला आक्षेप भक्तांचाच. वारकरी म्हणेल, पांडुरंगाला होय-नाही कसलं विचारता? तुकोबांनी नवस-सायासांवर कोरडे ओढले, समर्थांनी यत्नाचा महिमा गायला. ज्याने स्वतःला देवाच्या स्वाधीन केलं त्याला प्रत्येक वळणावर चिठ्ठी कशाला हवी? मला हा आक्षेप सगळ्यांत वरच्या दर्जाचा वाटतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इतकंच म्हणता येईल, की संतांची ती जागा बहुतेकांना कीर्तनाच्या रात्रीपुरती मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्विकासाच्या करारावर सही करायची असते, मुलीला आलेल्या स्थळाला उत्तर द्यायचं असतं, निवृत्तीनंतर कळव्याची खोली काढून गावी जायचं की नाही हे ठरवायचं असतं. विचारपूस झाली, कागद बघितले, घरातल्यांशी बोलणं झालं, आणि तरी तराजू मधेच थांबला, अशा माणसाला देवापुढे उभं राहू द्यायला हवं.

मात्र तो उभा कुठे राहतो, हे आता बदललं आहे. कळव्यात जन्मलेल्या पिढीला मालवणी कळते, बोलता येतेच असं नाही. गाऱ्हाणं तर फारच थोड्यांना येतं. प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर गावच्या चुलत्याकडे जातो, तो सवडीने देवळात जातो आणि एका शब्दात उत्तर येतं: उजवो. कौल झाला, पण ज्यांच्यासमोर प्रश्न मांडायचा ती मंडळी नव्हती, ‘व्हय म्हाराजा’ कुणी म्हटलं नाही, पाणी सुकेपर्यंत थांबावं लागलं नाही, आणि डावा आला असता तर काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. देव तोच असेल. विचारणं मात्र अर्ध्याहून कमी उरलं. गाडीचं तिकीट काढून सावंतवाडीपर्यंत जाणं दर वेळी जमणार नाही, हे समजण्यासारखं आहे. मग ज्यांच्या आयुष्यावर त्या निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्या सगळ्यांना, बायकामुलांसकट, कळव्याच्या त्याच खोलीत बसवून चुलत्याला फोन करण्याआधी प्रश्न मोठ्याने वाचावा, आणि डावा आल्यास काय करायचं तेही त्याच बैठकीत बोलून घ्यावं.